पंच्याहत्तर मुलांचा हिशेब

व्हिडिओगेमवरून लिहिलेली कादंबरी ही कादंबरीच नव्हे, असे एक मत सुशिक्षित घरांतून हल्ली फार ठामपणे ऐकू येते. मत ठाम असते, कारण ते मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तसली कादंबरी उघडूनही पाहिलेली नसते. वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलताना माणूस थोडा तरी चाचरतो; न वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलताना मात्र त्याची जीभ कशी सडकेवरून चालावी तशी चालते. आमच्या जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या समितीपुढे मी असले एक पुस्तक विकत घेण्याची सूचना मांडली, तेव्हा पाच सभासदांपैकी चौघे हसले आणि पाचव्याने विचारले, "गुरुजी, पुस्तकाबरोबर बंदूक फुकट आहे काय?" सूचना बारगळली. त्या हसण्याला उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

फराळाचे ताट पुढे घेऊन अंक चाळणाऱ्या वाचकांना हा विषय सणासुदीचा वाटणार नाही, हे मी जाणून आहे. परंतु ज्या घरात हा अंक जाईल, त्या घरात कोपऱ्यात पाठ टेकून मोबाईलवर बंदुका उडवीत बसलेला एक तरी मुलगा असेलच. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पब्जी नावाच्या खेळावर बंदी घातली, तेव्हा कित्येक घरांत सुतक आल्यासारखी मुले बसली होती. काही दिवसांनी दुसरा खेळ आला आणि सुतक फिटले. त्या मुलाशी आपण काय बोलतो? 'ठेव तो मोबाईल' यापलीकडे काही नाही. मला वाटते, त्याच्याशी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते त्याच्याच खेळातून निघालेल्या एका पुस्तकात सापडते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो; इंग्रजी माझे कामापुरते. पुण्याला नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात आला आणि एरिक नायलंड या लेखकाची 'हेलो : द फॉल ऑफ रीच' ही कादंबरी माझ्या हाती ठेवून गेला. सोबत या पुस्तकावर ठिकठिकाणच्या वाचकांनी लिहिलेल्या अभिप्रायांचा छापून काढलेला एक गठ्ठाही होता. "सर, आधी पुस्तक वाचा, मग हे वाचा," असे बजावून गेला. वीरकरांचा शब्दकोश उशाशी घेऊन मी ते पुस्तक अडीच महिन्यांत संपवले. ओट्यावर वाचत बसलो की शेजारचे काका दररोज विचारीत, "मास्तर, हे पोट्ट्यायचं पुस्तक तुमी काऊन वाचून रायले?" त्यांना मी तेव्हा उत्तर दिले नाही. हेच ते उत्तर समजावे.

'हेलो' म्हणजे टेलिफोनवरचे 'हॅलो' नव्हे. देवादिकांच्या मस्तकामागे चित्रकार जे तेजोवलय काढतात, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. खेळात हे वलय म्हणजे अवकाशात फिरणारे एक अवाढव्य कडे असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत आपले एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र बाजारात आणले आणि त्याबरोबर हा खेळ आला. त्यातला नायक हिरवे चिलखत घातलेला एक शिपाई. त्याचे तोंड कधी दिसत नाही, पूर्वेतिहास कळत नाही. तो आपला समोर येईल त्या परग्रहवासीयावर गोळ्या झाडीत पुढे जातो. हा शिपाई कोण आणि कुठून आला, हे सांगण्यासाठी कंपनीने कादंबरी लिहवून घेतली, आणि ती खेळाच्या थोडी आधी, म्हणजे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, प्रसिद्ध झाली. लेखकाने ती सुमारे सात आठवड्यांत लिहून दिली असे सांगतात.

झाले! 'सात आठवडे' आणि 'कंपनीने लिहवून घेतली' एवढे दोन शब्द कानी पडले की आमच्या रसिकांच्या कपाळावर आठ्या चढतात. मागणीबरहुकूम लिहिलेले ते साहित्य कसले? हा आक्षेप दिवाळी अंकाच्या पानावर बसून घेणे म्हणजे मोठीच गंमत आहे. वाचकहो, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक श्रावणात संपादकांची पत्रे घेतो आणि घटस्थापनेच्या आत मजकूर पोचवितो. हरिभाऊ आपटे १८९० साली सुरू केलेल्या आपल्या 'करमणूक' पत्रासाठी आठवड्याच्या आठवड्याला कादंबरीचा मजकूर पुरवीत असत. 'पण लक्षात कोण घेतो?' तशीच हप्त्याहप्त्याने आली. तिला कुणी 'मागणीचा माल' म्हणून वाळीत टाकलेले मी ऐकले नाही. पुस्तक कोणी मागवले आणि किती दिवसांत लिहिले, हे विचारणे किराण्याच्या हिशेबाला शोभते. आत काय आहे, हा खरा प्रश्न.

आत काय आहे ते सांगतो.

पाचशे वर्षांनंतरचा काळ आहे. माणसाने दूरदूरच्या ग्रहांवर वसाहती केल्या आहेत आणि त्यांतल्या काही वसाहती पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध बंड करून उठल्या आहेत. हे बंड मोडण्यासाठी डॉ. कॅथरिन हॉल्सी ही शास्त्रज्ञ बाई एक योजना आखते. निरनिराळ्या वसाहतींतून विशेष बुद्धीची आणि विशेष अंगलोटाची दीडशे मुले हेरली जातात आणि त्यांतली पंच्याहत्तर निवडली जातात. वय वर्षे सहा. हॉल्सीबाई त्यांतल्या जॉन नावाच्या मुलाला स्वतः भेटायला जाते. तो मुलांच्या घोळक्यात खेळत असतो. बाई एक नाणे उडवते आणि छापा की काटा ते त्याला ओळखायला लावते; तो बरोबर ओळखतो. नाणे त्याला बक्षीस मिळते. थोड्याच दिवसांत मुले रातोरात पळवली जातात. ज्या घरातून मूल गेले, त्या घरात त्याची हुबेहूब बनवलेली नक्कल ठेवली जाते. ती नक्कल टिकणारी नसते. मूल आजारी पडते, मरते, आईबाप रडतात आणि पुरून येतात. खरे मूल तिकडे रीच नावाच्या ग्रहावर कवायत करीत असते.

तिथे त्यांना मेंडेझ नावाचा एक करडा हवालदार भेटतो. पहिल्याच दिवसांतली एक गोष्ट पाहा. तिघातिघांच्या टोळ्या करून मुलांना अडथळ्यांच्या शर्यतीत सोडतात. शेवटी एक घंटा वाजवायची असते. जी टोळी शेवटची येईल, तिला त्या रात्री जेवण नाही. जॉन सर्वांत आधी जाऊन घंटा वाजवतो. पण त्याच्या टोळीतले दोघे मागे राहिलेले असतात, म्हणून त्याची टोळी शेवटची ठरते आणि पहिला आलेला मुलगा उपाशी झोपतो. दुसऱ्या दिवशी तो साथीदारांना बरोबर घेऊन धावतो. मी पंधरावीस वर्षे मुलांना शिकवतो आहे. एकी म्हणजे काय, हे सांगणारे इतके नेटके प्रकरण मी आमच्या क्रमिक पुस्तकांत वाचलेले नाही, आणि ते इतके क्रूर आहे हेही विसरता येत नाही. उपाशी झोपणारा तो मुलगा सहा वर्षांचा आहे.

मुले चौदा वर्षांची झाल्यावर त्यांच्यावर शस्त्रक्रिया होतात; हाडे, डोळे, स्नायू सगळे बदलले जाते. पंच्याहत्तरांपैकी तीस त्यात मरतात. बारा पंगू होतात. तेहतीस उभे राहतात. मेलेल्यांच्या अंत्यविधीनंतर जॉन मेंडेझला विचारतो की आपली माणसे मरू द्यावी लागली तर नायकाने काय करायचे. मेंडेझ त्याला जे सांगतो, त्याचा भावार्थ असा की, माणसाचा प्राण खर्ची घालणे वेगळे आणि प्राण वाया घालवणे वेगळे, आणि नायकाला हा भेद कळला पाहिजे. तीस प्राण यांपैकी कोणत्या खात्यावर मांडायचे, हे तो सांगत नाही. लेखकही सांगत नाही. पुढे लढायाच लढाया आहेत. त्या मी वाचल्या, कंटाळाही आला. अवकाशातल्या जहाजांची वजने आणि तोफांचे पल्ले यांत माझा जीव रमत नाही. ज्याचा रमतो त्याने वाचावे.

आता अभिप्रायांच्या गठ्ठ्याकडे वळतो. तो वाचताना मला कादंबरीपेक्षा अधिक करमणूक झाली आणि अधिक संतापही आला.

पुष्कळ वाचक साहित्याचे जाणकार आहेत. त्यांची तक्रार अशी की भाषा सपाट आहे, पात्रे पातळ आहेत, लढायांची वर्णने अहवालासारखी आहेत. तक्रार खरी आहे. नायलंड हा काही टॉलस्टॉय नव्हे, आणि त्याने तसा दावाही केलेला नाही. परंतु या मंडळींचे मत बहुधा याच्यापुढे जात नाही. भाषेला गुण दिले, पात्रांना गुण दिले, बेरीज केली आणि पुस्तक नापास. मी स्वतः पेपर तपासतो. हस्ताक्षराला गुण देऊन उत्तर न वाचणारा परीक्षक मला ओळखू येतो.

दुसरे आहेत ते भक्त. त्यांचे प्रेम अफाट आहे. २०१० साली याच रीच ग्रहावर नवा खेळ निघाला आणि त्यातल्या तारखा कादंबरीतल्या तारखांशी जुळेनात. पुस्तकात ग्रह एका दिवसात पडतो, खेळात लढाई आठवडेच्या आठवडे चालते. या विसंगतीवर भक्तांनी इतका कागद खर्च केला आहे की विचारू नका. तिथीप्रमाणे की तारखेप्रमाणे, हा शिवजयंतीचा वाद ज्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षे घातला, त्याने या मंडळींना हसू नये हेच बरे. ज्यांना एखाद्या गोष्टीचे तपशील पाठ असतात, त्यांनी ती गोष्ट मनापासून वाचलेली असते. एवढा मान मी त्यांना देतो. आमच्या समितीतल्या चौघांना तो देता येत नाही.

आणि भक्तांपैकी काहींनी तो प्रश्न विचारलाही आहे. हॉल्सीबाईने केले ते बरोबर की चूक? यावर त्यांच्यात मोठी हातघाई आहे. खेळातल्या मुलांना विचार करता येत नाही असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. माझे भांडण या वादात ज्या बाजूने अधिक हात वर झाले त्या बाजूशी आहे. तिचे म्हणणे असे: योजना क्रूर होती खरी, पण पुढे कॉव्हेनंट नावाच्या परग्रहवासीयांच्या फौजा मानवजातीवर चालून आल्या, आणि त्या वेळी ही तेहतीस मुले नसती तर काय झाले असते? सबब बाईने केले ते योग्यच.

या युक्तिवादाची चीड अशासाठी येते की तो कादंबरीतल्या तारखांपुढे टिकत नाही, आणि तारखांवर तर या मंडळींचा प्राण! मुले पळवली २५१७ साली. परग्रहवासी भेटले २५२५ साली. मधली आठ वर्षे त्यांचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. मुले पळवली ती परक्या शत्रूसाठी नव्हे. आपल्याच वसाहतींतली, आपलीच भाषा बोलणारी, कर आणि कायदे नको म्हणून उठलेली माणसे चिरडण्यासाठी. शत्रू मागाहून आला आणि आधीचे पाप धुऊन निघाले, हा कुठला न्याय? चोराने चोरलेल्या दोराने पुढे कधी विहिरीत पडलेला माणूस वर काढला, म्हणून चोरी दान ठरत नाही. दोर कामाला आला एवढेच म्हणता येईल. लेखकाने हा तपशील कादंबरीत स्वच्छ ठेवला आहे. तो जाणूनबुजून ठेवला की कथानकाच्या सोयीने पडला, मला सांगता येत नाही. पण वाचकाने तो ओलांडून जावे याचे नवल वाटते. सोयीचा शत्रू मिळाला की मागचे सगळे हिशेब फाडून टाकायचे, ही खोड फक्त कादंबरी वाचणाऱ्यांचीच आहे असेही नाही. इतिहासात सत्ताधाऱ्यांना ती वारंवार लागलेली आहे.

एक अभिप्राय त्या गठ्ठ्यात नव्हता. तो आमच्या घरात मिळाला. मी एके संध्याकाळी ही गोष्ट सौभाग्यवतींना सांगत होतो. त्या भाजणी निवडीत होत्या. नाणे, घंटा, शस्त्रक्रिया, सगळे त्यांनी ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, "अवो, पण त्या मायीले वळखू आलं नसन काय, का हे लेकरू आपलं नाही म्हून?"

मी निरुत्तर झालो, कारण कादंबरीही निरुत्तर आहे. पंच्याहत्तर घरांत पंच्याहत्तर परकी मुले जेवली, निजली, तापाने फणफणली. आया उशाशी बसल्या. त्यांतल्या एकीलाही संशय आला नसेल? अंगावरचा तीळ जागेवर होता, पण हाक मारल्यावर वळायची पद्धत वेगळी होती, असे एकीलाही वाटले नसेल? त्या आयांना कादंबरीत जागा नाही. मी वाचलेल्या अभिप्रायांतही त्यांची कोणी चौकशी केलेली नाही. या पुस्तकावर सपाट भाषेचा आरोप ठेवण्याऐवजी जाणकारांनी हा आरोप ठेवला असता, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात आहे. आईने डोळे उघडे ठेवून मुलाला घडवणे आणि सरकारने आईच्या कुशीतून मूल चोरून घडवणे, यांतले अंतर जिजाऊंच्या माहेरी तरी समजावून सांगावे लागू नये.

कोणी म्हणेल, पाचशे वर्षांनंतरच्या कल्पित मुलांसाठी हा मास्तर एवढा का तळमळतो? तर माझा उद्योग आजच्या मुलांशी आहे म्हणून. पहाटे चिखली रस्त्याने जाऊन पाहावे. थंडी असो, पाऊस असो, भरतीसाठी धावणारी पोरे दिसतील. कोरडवाहू शेतीची दोनचार एकरे, कापूस-सोयाबीनचा भाव बेभरवशाचा, आणि घरात पगाराची एक वाट दिसते ती ही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव दलाचे चाळीस जवान मारले गेले. त्यांतले दोघे आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले होते, एक मलकापूरचे आणि एक लोणार तालुक्यातले. त्यांना निरोप द्यायला लोटलेली गर्दी जिल्हा विसरलेला नाही. त्यांच्याविषयी लिहिताना माझी लेखणी अदबीने चालते. सैन्यात जाऊ नका, असे मी कोणत्याही विद्यार्थ्याला कधी सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही.

परंतु २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली, तिच्यात साडेसतरा वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी सैन्यात जातो आणि त्यानंतर शंभरांतले जास्तीत जास्त पंचवीस कायम होतात. आमची मुले पळवलेली नाहीत; ती आपल्या पायांनी धावत जातात, हा मोठा फरक आहे आणि तो मी पुसू इच्छीत नाही. तरीही साडेसतराव्या वर्षी मुलगा जी निवड करतो, ती कशाकशाने बनलेली असते? घरच्या गरजेने, वर्गातल्या धड्यांनी, गावच्या चौकातल्या फलकांनी आणि त्याच्या हातातल्या त्या मोबाईलवरच्या बंदुकीनेही. २६ जानेवारी २०२१ ला गलवानच्या चकमकीवर बेतलेला फौजी नावाचा देशी खेळ निघाला; माझ्या वर्गातली कितीतरी मुले तो खेळली. खेळात मेलेला शिपाई पुन्हा उठतो. कादंबरीत तीस मुले मेली ती उठत नाहीत. खेळ आणि पुस्तक यांतला हा भेद आहे, आणि याच भेदासाठी मला ते पुस्तक वाचनालयाच्या कपाटात हवे होते. 'प्राण खर्ची घालणे आणि वाया घालवणे' यांवर दहावीच्या मुलाशी बोलायचे तर गीतेपासून सुरुवात करता येते हे मलाही माहीत आहे. पण ज्या मुलाला हिरव्या चिलखताचा शिपाई आधीपासून ओळखीचा आहे, त्याच्याशी तिथून सुरुवात केली तर तो मान वर करतो. हे मी करून पाहिले आहे. वर्गात ही गोष्ट मराठीतून तीन तासांत सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर 'हजर' याखेरीज काही बोलला नव्हता, उठून म्हणाला, "सर, त्या बारा लंगड्या पोरायचं काय केलं मंग त्यायनं?" जगभरच्या शेकडो अभिप्रायांइतकाच हाही एक अभिप्राय, आणि त्यांतल्या पुष्कळांहून सरस.

आता मराठीबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडे असले वाङ्मय नव्हते असे नाही; त्याला घरात घेतले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे ज्यांनी रात्री कंदिलाखाली वाचली, त्यांनीच दिवसा ती उशीखाली लपवली. गुरुनाथ नाइकांचा कॅप्टन दीप फौजेतला नायक होता, एस.टी. स्टँडवरच्या दुकानांतून त्याची पुस्तके भाड्याने जात. मराठी टीकेच्या मोठमोठ्या ग्रंथांत त्याला पाऊलभर जागा सापडणे कठीण. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तो 'मुलांचा' म्हणून खालच्या फळीवर गेला. जयंत नारळीकरांसारख्या थोर शास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपले नाव पाहून परीक्षक दबू नयेत हा त्यांचा हेतू होता. कथा पहिली आली. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मे २०२५ मध्ये ते गेले. त्या एका कथेपासून त्या अध्यक्षपदापर्यंत सत्तेचाळीस वर्षे लागली. घाई झाली असे कोणी म्हणू नये!

आणि आमच्या जिल्ह्यात काय नाही? लोणारचे सरोवर अशनीच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर आहे. चंद्रावरची आणि मंगळावरची विवरे समजावी म्हणून शास्त्रज्ञ तिथे येऊन दगड फोडतात. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा साऱ्या देशाने चित्रे पाहिली. आकाशातून शत्रू यायचाच असेल तर त्याने आधी एकदा येऊन जागा हेरून ठेवल्यासारखे ते ठिकाण आहे! अमेरिकेतला लेखक रीच नावाचा ग्रह कल्पनेने रचतो आणि आम्ही लोणारला सहल नेतो, दैत्यसूदनाचे दर्शन घेतो, डबे खातो आणि परत येतो. पुण्यातल्या नोडिंग हेड्स या मंडळीने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्यात एक मुलगी आपल्या पळवलेल्या भावाला शोधायला निघते. पाहा, पळवलेले मूल इथेही आहे, पण त्याला शोधणारे कोणीतरी आहे. त्या भावंडांवर एखादी मराठी कादंबरी का होऊ नये? आणि कोणी लिहिलीच, तर समितीतले ते चौघे तिलाही हसतील काय?

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगाव वाचनालये उभी राहिली, त्यांना अनुदान मिळते, वर्ग ठरतात, पुस्तकांची संख्या मोजली जाते. मोजणी करणारे येतात तेव्हा कपाटे भरलेली असतात. त्या कपाटांपुढे पंधरा वर्षांचा मुलगा उभा राहिलेला मी फार दिवसांत पाहिलेला नाही. तो येत नाही, कारण त्याचे जे आहे ते आत नाही. मग 'नवी पिढी वाचत नाही' हे भाषण करायला आपण मोकळे.

समितीने पुस्तक नाकारले, म्हणून माझी प्रत मी शाळेतल्या माझ्या टेबलावर ठेवली आहे. इंग्रजी अडले तर मला विचारावे असे सांगितले आहे. सोबत एक दोनशे पानी वही ठेवली आहे. वाचणाऱ्याने त्यात चार ओळी लिहाव्यात, मराठीत, आणि 'छान आहे' हा शब्द वापरू नये. आतापर्यंत नऊ जणांनी लिहिले. तिघांनी हॉल्सीबाईला शिक्षा सुनावली आहे, एकाने तिला माफी दिली आहे, एकीने जॉनच्या आईच्या नावे पत्र लिहिले आहे आणि चौघांनी फक्त बंदुकांची नावे लिहून खाली सह्या केल्या आहेत. त्या चौघांनाही मी पुन्हा वाचायला लावणार आहे.

मुले आता दुसरा भाग मागतात. 'द फ्लड' नावाची ती कादंबरी २००३ साली विल्यम डीट्झ यांनी लिहिली, आणि तिच्यात पहिला खेळ जसाच्या तसा उतरवला आहे: हा दरवाजा उघडला, ही खोली साफ केली, पुढची खोली आली. त्या पुस्तकाबद्दल जगभरच्या वाचकांनी जी कुरकुर केली, तिच्याशी मी सहमत आहे. ती कादंबरी कोणी भेट म्हणून आणून देऊ नये. त्यापेक्षा भागवतांच्या व्हर्नची जुनी प्रत कोणाच्या माळ्यावर पडली असेल तर पाठवावी. पोस्टेज मी देईन.